शुल्कमाफीच्या पुढचा खर्च

बारावीच्या निकालात कोकण विभाग पहिला येतो, हे महाराष्ट्राच्या आता अंगवळणी पडले आहे. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांच्या कोकण विभागाचा ९६.७४ टक्के. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे देशातले ३७४ जिल्हे उच्च शिक्षणात मागास ठरवले, तेव्हा त्या यादीतल्या महाराष्ट्राच्या सात जिल्ह्यांत हे दोन्ही जिल्हे होते. सोबत रायगड, जालना, हिंगोली, बुलढाणा आणि गडचिरोली. यादी जुनी आहे, आणि कोकणातली मुले शिकायला मुंबई-पुण्याला जातात, त्यामुळे त्यांची गणती तिकडे होते, असा खुलासा यावर केला जातो. तो खराच आहे, पण त्यातूनच खरी अडचण पुढे येते. मुंबईत ज्याच्या काका-मामाची खोली आहे तो बारावीनंतर जातो. ज्याला शहरात टेकायला जागा नाही, त्याचे काय होते हे आपल्या उच्च शिक्षणाच्या आराखड्यांत कुठे दिसत नाही. आपले राज्य उच्च शिक्षणाची संधी महाविद्यालये मोजून आखते आणि शुल्क परत करून तिचा खर्च भागवते. विद्यार्थी मात्र अडतो तो खोलीभाडे, खानावळ आणि एसटी यांपाशी, तेही प्रवेशानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत. आखणी आणि पैसा दोन्ही या जागी आणल्याशिवाय नोंदणीचे प्रमाण वाढवण्याच्या गोष्टींना अर्थ नाही.

ही आखणी कशी होते ते आधी पाहू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा कायदा मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार प्रत्येक विद्यापीठ दर पाच वर्षांनी बृहत् आराखडा तयार करते. नवे महाविद्यालय कोणत्या गावी हवे, याचे ‘स्थळबिंदू’ त्यात ठरतात. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य उच्च शिक्षण आणि विकास आयोग, म्हणजेच ‘माहेड’, या आराखड्यांना मान्यता देतो. त्यानंतर संस्थांचे प्रस्ताव येतात, इरादापत्रे निघतात, मग अंतिम मान्यता. यामागचा हेतू उत्तम होता. पुढाऱ्याच्या वजनावर महाविद्यालये वाटली जाऊ नयेत, गरज मोजून द्यावीत, यासाठीच ही रचना केली गेली. पण या आराखड्यात मोजले जाते ते महाविद्यालय, विद्यार्थी नव्हे. शिवाय आराखडा करणाऱ्याच्या हाती तिजोरी नाही. २००१ नंतरच्या महाविद्यालयांना कायम विनाअनुदानित तत्त्वावरच परवानगी मिळत आली आहे. म्हणजे नकाशावर बिंदू मंजूर होतो, पण त्या बिंदूवर सरकारचा रुपया पडत नाही. तिथले वर्ग विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालतात आणि शिकवणारे बहुतेक तासिका तत्त्वावरचे असतात. तालुक्याच्या गावी अशी कला-वाणिज्य महाविद्यालये उभी राहिली, त्यांनी अनेक मुलींना पदवीपर्यंत नेले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिथून पुढे जायचे, विज्ञान, तंत्रशिक्षण किंवा परिचर्या शिकायची, तर गाव सोडावे लागते आणि आराखडा तिथे संपतो.

महाविद्यालयांची संख्या आणि शिक्षणाची संधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा पुरावा केंद्राच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणातच आहे. २०२१-२२ च्या अहवालात महाराष्ट्रात ४,६९२ महाविद्यालये नोंदली आहेत. आपल्यापुढे फक्त उत्तर प्रदेश आहे, ८,३७५ महाविद्यालयांसह. पण १८ ते २३ वयोगटातल्या नोंदणीच्या ढोबळ प्रमाणात तो राष्ट्रीय सरासरीच्या, म्हणजे २८.४ टक्क्यांच्या, खाली आहे. आपण ३५.३ टक्क्यांवर आहोत. कर्नाटकात ४,४३० महाविद्यालये आणि प्रमाण ३६.२ टक्के. लोकसंख्येने कर्नाटकाहून मोठ्या तमिळनाडूत महाविद्यालये अवघी २,८२९, आणि प्रमाण ४७ टक्के. या यशाचे श्रेय कुठल्या एकाच योजनेला देता येणार नाही. त्यामागे अनेक दशकांचे शालेय शिक्षण आहे, शाळेतले दुपारचे जेवण आहे, मोठ्या क्षमतेची महाविद्यालये आहेत. तरीही तिथल्या अलीकडच्या योजनांची दिशा पाहण्यासारखी आहे. सरकारी शाळांतून आलेल्या मुलींना पदवी, पदविका शिकत असताना दरमहा १,००० रुपये देणारी ‘पुदुमै पेण’ योजना २०२२ मध्ये सुरू झाली. २०२४ मध्ये मुलांसाठी तशीच योजना आली. सरकारी शाळांतल्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत साडेसात टक्के जागा राखल्या, तेव्हा त्यांच्या शुल्काबरोबर वसतिगृहाचा खर्चही सरकारने उचलला. आधी विद्यार्थ्याच्या हातात पैसे आणि मग बाकीचे, असा हा क्रम आहे.

महाराष्ट्र पैसा देत नाही, असा आरोप कोणी करू नये. मीही करत नाही. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतल्या, आठ लाखांच्या आतल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत मिळाली. त्यापोटी ९०६ कोटींचा वाढीव भार सरकारने स्वीकारला. निर्णय मोलाचा होता आणि त्याचे स्वागत झाले ते योग्यच झाले. पण त्याची व्याप्ती नीट वाचायला हवी. सवलत शुल्कापुरती आहे आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती आहे. अनुदानित महाविद्यालयात बी.ए. किंवा बी.एस्सी. करणाऱ्या मुलीचे शुल्क मुळातच कमी असते. तिचा खरा खर्च रोजच्या येण्याजाण्याचा किंवा खोलीचा. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळणारा एसटीचा मोफत पास बारावीला संपतो. त्यानंतर सवलत आहे, पण पैसे मोजावे लागतात, आणि ते नेमके महाविद्यालय आणखी लांब गेल्यावर. सतराव्या-अठराव्या वर्षी मुलीच्या शिक्षणाचा निर्णय घरात होतो, तेव्हा तिच्या बाजूने बोलणाऱ्याच्या हाती सरकारने काय दिले आहे, हे या एका पासावरून कळते.

जे दिले जाते ते केव्हा दिले जाते, हा याहून मोठा प्रश्न. मे महिन्यात निकाल लागतो. जुलै ते सप्टेंबर केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या चालतात. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास अशी सारी कागदपत्रे सुविधा केंद्रावर तपासूनच प्रवेश होतो. त्यानंतर तोच विद्यार्थी महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो आणि पडताळणी नव्याने सुरू होते. आधी महाविद्यालयाचा लिपिक, मग जिल्ह्याचे कार्यालय, मग विभाग, मग देयक आणि कोषागार. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत आणखी एक गाठ आहे. केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींच्या या योजनेला मान्यता देताना केंद्राचा वाटा ६० टक्के ठरवला, ही मोठी सुधारणा होती. पण राज्याने आपले ४० टक्के आधी दिल्यावरच केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. राज्याच्या पैशाला उशीर झाला की केंद्राचाही अडतो. या सगळ्यात सहामाही परीक्षा होऊन जाते. शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशावेळी शुल्क घेऊ नका, असे सरकार संस्थांना वारंवार बजावते. संस्था म्हणतात की थकबाकी मिळत नाही तर पगार कुठून करायचे. दोघांचे म्हणणे खरे मानले तरी मधल्या काळात सावकाराच्या दारात जातो तो विद्यार्थ्याचा बाप. शुल्कमाफीवर भिस्त असलेल्या तेलंगणातही थकबाकीने महाविद्यालये आणि सरकार यांना असेच समोरासमोर आणले आहे. म्हणजे हा दोष एखाद्या मंत्र्याचा किंवा पक्षाचा नाही, परताव्याच्या पद्धतीचा आहे.

आता राहण्या-जेवण्याचे पाहू. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत वसतिगृहात राहून साधी पदवी घेणाऱ्याला निर्वाहासाठी वर्षाला ६,००० रुपये ठरले आहेत, म्हणजे महिन्याला ५००. घरून ये-जा करणाऱ्याला ३,०००, म्हणजे महिन्याला २५०. या आकड्यांवर भाष्य करण्याची गरज नाही. महाराष्ट्राने यात स्वतःची चांगली भर घातली, ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेची. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’, इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले ‘आधार’, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, या त्याच जातकुळीच्या योजना. उच्च शिक्षणाच्या संधीचा विचार करणाऱ्या सर्व शासकीय योजनांत मला ही कल्पना सर्वांत शहाणी वाटते, कारण ती विद्यार्थ्याच्या खऱ्या खर्चाला हात घालते. पण ती वाढवली गेली आहे ती अर्धवट. स्वाधारचे दर २०१७ च्या सुरुवातीला ठरले. २०२४ च्या अखेरीस तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यांनाही ३८,००० रुपये देऊन योजनेची व्याप्ती वाढवली गेली, पण मोठ्या शहरांचा आकडा ६०,००० वरच राहिला. पुण्यात आज पाच हजारांत खोली, दोन वेळचे जेवण आणि पुस्तके भागवून दाखवा, असे कोणत्याही अधिकाऱ्याला विचारता येईल. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता निर्देशांकानुसार वर्षातून दोनदा सुधारतो. विद्यार्थ्याच्या भाताची किंमतही त्याच बाजारात ठरते.

महाराष्ट्राला हे नव्याने शिकायचे नाही. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय एकोणिसाव्या शतकातच होते, शिक्षणाचे दार उघडे होते, तरी बहुजन समाजातली मुले तिथे दिसत नव्हती. शाहू महाराजांनी त्यावर आणखी महाविद्यालये काढण्याचा उपाय केला नाही. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत समाजांची आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग अशी वसतिगृहांची रांगच लागली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कामाच्या केंद्रस्थानी साताऱ्याचे शाहू बोर्डिंग होते, आणि ‘कमवा आणि शिका’ हे मुळात जेवणाखाण्याच्या खर्चाला काढलेले उत्तर होते. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. या तिघांनीही प्रश्न एकाच ठिकाणी पकडला होता: मुलगा वर्गापर्यंत पोहोचेल कसा आणि तिथे टिकेल कसा. आज त्यांच्या नावाने योजना चालतात, पण नियोजनाच्या कागदांत त्यांची ती दृष्टी सापडत नाही. इतर मागासवर्गीयांसाठी ३६ जिल्ह्यांत मुलामुलींची प्रत्येकी एक अशी ७२ वसतिगृहे मंजूर झाली. ती कित्येक वर्षे कागदावर राहिली आणि पुढे भाड्याच्या इमारतींत सुरू करावी लागली. कुठल्या विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात या खाटांचा हिशेब आहे? वसतिगृहे एका विभागाची, शुल्काचा परतावा दुसऱ्याचा, प्रवेश तिसऱ्याचा, आराखडा विद्यापीठाचा आणि मान्यता माहेडची. नियोजन करणाऱ्याकडे पैसा नाही आणि पैसा देणाऱ्याकडे नियोजन नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो गैरव्यवहाराचा. पैसे आधी दिले आणि विद्यार्थी वर्गात आलाच नाही तर? हजेरी तपासूनच रक्कम द्यावी, असे वित्त विभाग म्हणेल, आणि सार्वजनिक पैशाची काळजी करणे त्याचे कामच आहे. पण महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो? शिष्यवृत्तीतल्या गैरव्यवहारांसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले, ते मुख्यतः संस्थांनी विद्यार्थ्यांच्या नावावर उचललेल्या रकमांमुळे. महिन्याच्या खोलीभाड्याचे चार-पाच हजार घेऊन पळालेल्या विद्यार्थ्यांमुळे नव्हे. तीन हप्त्यांतला पहिला हप्ता प्रवेश निश्चित होताच द्यावा, दुसरा हजेरीवर, तिसरा परीक्षेवर. मधेच शिक्षण सोडणाऱ्याचा एक हप्ता वाया जाईल, हे मान्य करावे. आजच्या पद्धतीत एक विद्यार्थीच वाया जातो, आणि त्या नुकसानीची नोंद कुठल्याही लेखापरीक्षणात होत नाही.

दुसरा आक्षेप असा की, मुलांना शहरात पाठवण्यावर खर्च करण्यापेक्षा गावाजवळ महाविद्यालय द्या, विशेषतः मुलींसाठी. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो मी हलका मानत नाही. गडचिरोली-चंद्रपूरसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले, ते नागपूरचे अंतर फार होते म्हणूनच. दुर्गम भागात जवळचे महाविद्यालय हाच पहिला उपाय आहे. पण मग ते सरकारी किंवा अनुदानित असावे, तिथे पूर्णवेळ प्राध्यापक आणि प्रयोगशाळा असाव्यात. विनाअनुदानित स्थळबिंदू देऊन अंतर कमी झाले असे मानणे ही फसगत आहे. आणि भामरागड किंवा एटापल्लीत सगळे अभ्यासक्रम कधीच देता येणार नाहीत. पदवीच्या पहिल्या पायरीसाठी जवळचे चांगले महाविद्यालय आणि पुढच्या शिक्षणासाठी हक्काची खाट, अशी सांगड घालावीच लागेल.

तिसरा आणि नेहमीचा आक्षेप पैशाचा. यात दोन वेगळे प्रश्न मिसळले जातात. मार्चमध्ये द्यायची रक्कम ऑगस्टमध्ये दिली तर एकूण खर्च वाढत नाही. एकदाच रोखतेची तजवीज करावी लागते, आणि अर्थसंकल्प मार्चमध्येच मंजूर होत असल्याने ती करता येते. दर वाढवणे आणि सर्व गटांना निर्वाहखर्च देणे यासाठी मात्र नवा पैसा लागेल. तो आहे का? २०२४ च्या अर्थसंकल्पात राज्याने लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला ४६,००० कोटींची तरतूद जाहीर केली आणि दरमहा १,५०० रुपये कोट्यवधी खात्यांत थेट जमा करून दाखवले. त्या योजनेच्या गुणदोषांची चर्चा इथे नको. पण दोन गोष्टी तिने निर्विवाद सिद्ध केल्या. एक, इच्छा असेल तर हे सरकार दरमहा, मोठ्या संख्येने पैसे पोहोचवू शकते. दोन, प्राधान्य ठरले की तरतूद होते. त्या योजनेची वयोमर्यादा २१ पासून सुरू होते. अठरा ते एकवीस या वयात, जेव्हा मुलगी शिकणार की लग्न करणार हे ठरते, तेव्हा राज्याचा दरमहाचा हात तिच्यापर्यंत येत नाही. मुलींच्या शुल्कमाफीच्या ९०६ कोटींशी ताडून पाहिले, तर पैशाच्या अभावाचे कारण टिकत नाही.

करायचे काय, ते अवघड नाही. सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे तपासलेली कागदपत्रे असतात. तीच शिष्यवृत्तीसाठी अंतिम मानावीत आणि प्रवेशाच्या पत्रासोबतच विद्यार्थ्याला कळावे की त्याला कोणती मदत, किती, कोणत्या महिन्यात मिळणार. हे पत्र हाती असेल तर घरात चर्चा वेगळी होईल. निर्वाहभत्त्याचा पहिला हप्ता प्रवेशापासून तीस दिवसांत आणि दर महागाईशी बांधलेले, हे शासन निर्णयावर न ठेवता कायद्यात लिहावे. सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, अल्पसंख्याक विकास या विभागांच्या योजना ज्यांच्या त्यांच्याकडेच राहोत, त्यांचे सामाजिक कारण आहे. पण पैसे देण्याची यंत्रणा आणि वेळापत्रक एकच असावे. आणि माहेडने आराखड्याला मान्यता देताना तीन गोष्टी मागाव्यात: तालुक्यातून बारावी उत्तीर्ण झालेल्यांपैकी किती जणांनी कुठे प्रवेश घेतला, किती जण कुठेच दिसत नाहीत, आणि त्यांच्यासाठी किती खाटा व किती एसटी फेऱ्या आहेत. राज्य मंडळाकडे उत्तीर्णांची यादी आहे, विद्यापीठांकडे नोंदणी आहे. दोन्ही याद्या सरकारच्याच आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवल्या की गळालेल्या मुलामुलींची संख्या तालुक्यानिशी समोर येईल. ती दरवर्षी विधिमंडळात मांडली जावी.

नव्या शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत नोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले आहे. २०२५ मध्ये राज्यातून १३ लाखांहून अधिक नियमित विद्यार्थी बारावी उत्तीर्ण झाले. पुढच्या प्रत्येक वर्षी जवळपास तितकेच होतील. मुख्यमंत्री माहेडचे अध्यक्ष आहेत, अर्थसंकल्पावर शेवटचा शब्दही त्यांचाच असतो. नियोजन आणि तिजोरी एकत्र आणण्याचा अधिकार राज्यात ज्या एका पदाकडे आहे, ते हेच. येत्या अर्थसंकल्पात निर्वाहभत्त्याचे नवे दर आणि पहिल्या हप्त्याची तारीख त्यांनी जाहीर करावी.